साहेबांचे चार जोड

१३ जानेवारी, सोमवार

मालकीणबाई आज स्वतः वरच्या मजल्यावर आल्या, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे ओळखायला हवं होतं. एरवी त्या खालूनच हाक मारतात. मार्चअखेर हाताने बूट करणं बंद, म्हणाल्या. तळघरातला कारखाना बंद, म्हणजे वरचं माझं चालणंही बंद. पुढे दुकानात तयार माल येणार. तो म्हणे आधीपासूनच मऊ असतो. बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी एका न्यायाधीशांचे काळे बूट घालून उभा होतो, त्यामुळे उगाचच वाटलं की निकाल मीच द्यायचाय.

ही वही दुसरं कोणी वाचणार नाही, तरी माझं काम काय ते लिहून ठेवतो. भेटेल त्याला समजावून सांगायची सवयच लागली आहे. हाताने केलेला नवा बूट फार ताठ असतो. गिऱ्हाइकाच्या पायाला त्याचा त्रास नको म्हणून आधी पाच-सहा दिवस तो मी घालून चालतो. माझा पाय आठ नंबर, जाड मोजे घातले की नऊही चालतो. जिथे चावेल तिथलं चिठ्ठीवर लिहायचं, बूट आणि चिठ्ठी टोपलीत ठेवायची आणि टोपली दोरीने तळघरात सोडायची. खाली उस्ताद बसतो, ज्याने ते बूट शिवलेले असतात. तो चिठ्ठी वाचतो, ठोकठाक करतो, टोपली परत वर येते. नियम एकच, गिऱ्हाइकाच्या बुटाच्या तळाला रस्ता लागता कामा नये. म्हणून वरच्या मजल्यावर बेचाळीस पावलं जायचं आणि वळून बेचाळीस पावलं यायचं. एकतीस वर्षं झाली. दुकानात मला सगळे ‘चालणारे’ म्हणतात. खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते आठवतं.

न्यायाधीशांचे, नवरदेवांचे, जहाजावरच्या कप्तानाचे बूट घालून मी इतका चाललोय की पृथ्वीला एखादी फेरी सहज झाली असेल. स्वतःला मात्र कधी बूट घेतले नाहीत. यायचं चपलांवर, जायचं चपलांवर.

मनाशी ठरवलं. एप्रिलपासून मी बाहेर चालणार, आणि माझ्या स्वतःच्या बुटांत. फार नकोत. चार जोड, पण असे की उरलेलं सगळं आयुष्य त्यांत मावलं पाहिजे.

१५ जानेवारी, बुधवार

हिला सांगितलं. माझ्या बायकोची नोकरी पोस्टात. टपाल निवडून ज्याचं त्याला पोचवण्यात हिचा जन्म गेला. हातातलं बाजूला ठेवून तिने माझ्या पायांकडे पाहिलं.

“चार जोड? मला तर दोनच पाय दिसतायत.”

मग मी तिला नीट समजावलं. एक काळा, नाडीचा, अगदी साधा, वर कसलीही नक्षी नको. लग्न, मयत आणि बँक, तिन्हीकडे चालेल असा. दुसरा तपकिरी, तोही नाडीचा, पण त्याच्यावर बारीक टोचे, म्हणजे भोकांची नक्षी, चालतील. हा रोजचा. करड्या पँटवर जाईल, निळ्यावर जाईल, कॉलर झिजलेल्या शर्टालाही सांभाळून घेईल. तिसरा बिननाडीचा, ज्या दिवशी कंबर वाकायला नाही म्हणते त्या दिवसासाठी. आणि चौथा घोट्यापर्यंतचा, जाड तळाचा, फक्त लांब चालायला.

“एवढं कधी ठरवलंस?”

“चालताना.”

“तपकिरी म्हणजे कसला तपकिरी?”

मी विचार करून सांगितलं, भाजलेल्या पावाच्या कडेचा. तिने एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. कशाला लिहितेस म्हटलं, तर म्हणाली, तू विसरशील म्हणून. मी बुटांच्या बाबतीत आजवर काही विसरलेलो नाही. पण हिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

२० जानेवारी, सोमवार

सुट्टी टाकून बाजारात गेलो. तीन दुकानं पालथी घातली. बूट चकचकीत होते, मऊ होते, पायात कुठेही अडले नाहीत. एका दुकानातल्या माणसाने विचारलं, “कुठे चावतंय का?” आणि मी सवयीने कागद मागितला. तो गोंधळला आणि त्याने बिलाचं पुस्तक पुढे केलं.

नाही घेतले. काय खटकलं ते सांगता येईना. त्या बुटांना काही म्हणायचंच नव्हतं. नवा बूट कसा पहिल्या दिवशी भांडतो, दुसऱ्या दिवशी कुरकुरतो आणि चौथ्या दिवशी जरा ऐकायला लागतो. हे आधीपासूनच हो-हो करणारे.

घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, “थांब ना थोडं. घाई काय आहे?”

दूध उतू जायच्या आधी पाच मिनिटं गॅस बंद करणारी बाई मला थांब म्हणाली.

२८ जानेवारी, मंगळवार

टोपलीतून काळे बूट वर आले. नाडीचे, अगदी साधे, वर कसलीही नक्षी नाही. प्रत्येक जोडाच्या तळावर उस्ताद खडूने गिऱ्हाइकाचं नाव लिहितो. या तळावर काहीच नव्हतं. बाईंना विचारलं, तर त्यांना अचानक खोकला आला. पाणी पिऊन म्हणाल्या, “आहेत एक साहेब. चार जोड सांगितलेत त्यांनी. आपली शेवटची मोठी ऑर्डर.”

चार! म्हणजे माझ्यासारखा विचार करणारा आणखी कोणीतरी या गावात आहे. भेटायला हवं या माणसाला.

पाय आत घातला आणि पहिल्याच पावलाला समोरची भिंत जरा लांब गेली. खरंच गेली. रोज बेचाळीस पावलांत संपणारा मजला आज संपता संपेना. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मी जणू तिच्याबरोबर चाललो होतो. मला तळच लागत नव्हता. उजवी करंगळी लहानपणी मोडली होती ती वाकडीच बसली, आणि प्रत्येक नवा बूट तिला आधी धरतो. याने तिला हातसुद्धा लावला नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस शोधूनही काळ्या बुटांत खोट सापडली नाही. शेवटी चिठ्ठीवर लिहिलं, ‘कुठेही चावत नाही.’ एकतीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य लिहिलं. टोपली खाली गेली आणि तळघरातली हातोडी थांबली. फरशीतून तिचा आवाज दिवसभर पायाला लागतो, त्यामुळे थांबली की लगेच कळतं. बराच वेळ थांबली होती.

२ फेब्रुवारी, रविवार

उस्ताद आणि मी बोलत नाही, हे लिहायचं राहिलं. अकरा वर्षं झाली. तो मागच्या दाराने येतो, मी पुढच्या. रस्त्यात लांबून दिसला तर मी समोरच्या दुकानातल्या कशात तरी रस घेतो. मध्ये फक्त टोपली. तिच्यातून जेवढं बोलणं होतं तेवढंच, आणि तेही फक्त माझ्याकडून.

कारण लिहीत बसत नाही. जुनं आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचा दुसरा जोड आला. तपकिरी. भाजलेल्या पावाच्या कडेचा तपकिरी!

मला राग आला. रंग माझा, मी शोधलेला, आणि घालणार कोण तर हे साहेब. बारीक टोचेही आहेत, जेवढे असावेत तेवढेच. घरी जाऊन हिला म्हटलं, “बघ, जगात चांगलं काही सुचलं की ते आधी साहेबाला सुचतं.” ही घाईघाईने उठली आणि दूध बघते म्हणाली. गॅसवर दूध नव्हतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

राग टिकत नाही. या बुटांत टिकणं शक्यच नाही. दुपारभर मी एका गावात होतो जिथे कोणालाच कुठे पोचायचं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साहेबाच्या वरचढ व्हायचं म्हणून काल बाजारातून बिननाडीचा तयार जोड घेऊन आलो. आज कामावरून येतो तो हिने परत करून टाकलेला. “आत खिळा टोचत होता,” म्हणाली.

मी तासभर हात घालून तपासला होता. खिळा नव्हता. खिळ्यांच्या बाबतीत मला शिकवायला निघाली ही! जेवताना मी फुगून बसलो होतो. हिने दोनदा वाढलं आणि एकदाही टोमणा मारला नाही. प्रकृती बरी नसावी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरा जोड. बिननाडीचा. आता नवल वाटत नाही. साहेबांची कंबरही दुखत असणार.

त्यांच्याबद्दल मला आता निराळंच वाटतं. ते एकटे असतील, थोडे लाजाळू, लोकांत कमी मिसळणारे. कोणाशी तरी एकदा बिनसलं असेल आणि ते नीट करायचं राहून गेलं असेल. कशावरून वाटतं ते सांगता येत नाही. सात तास माणसाच्या बुटांत राहिलं की त्याचं मन थोडंफार कळतंच.

२ मार्च, रविवार

झोप लागत नाही, म्हणून ते जुनं लिहून टाकतो.

उस्ताद आणि मी रोज तळघरात एकत्र जेवायचो. तो काम करताना गुणगुणायचा, इतकं बेसूर की चामडं आपोआप ताणलं जातं म्हणून मी चिडवायचो. अकरा वर्षांपूर्वी त्याने एका म्हाताऱ्या नटासाठी गडद लाल बूट केले. चाळीस दिवस खपला. असे बूट मी आधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. मी घातले आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लिहिली, ‘डावी टाच चावते.’ तेव्हा मालक होते. त्यांनी ती चिठ्ठी टोपलीतून उचलली आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचली. “उस्तादचा हात म्हातारा झाला वाटतं,” म्हणाले आणि हसले. लोकही हसले. उस्तादने सगळ्यांसमोर ती टाच उसकटली.

दोन दिवसांनी घरी पाय धुताना मला दिसलं. माझ्या डाव्या टाचेला फोड होता. नव्या चपलेने आलेला. बूट चावत नव्हताच.

तेवढंच खाली जाऊन सांगायचं होतं. तळघराला सतरा पायऱ्या आहेत. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग इतका उशीर झाला की सांगणं हेच मोठं वाटायला लागलं. त्या दिवसापासून तो बोलला नाही, आणि कशाच्या तोंडाने मी बोलणार होतो?

मार्चअखेर तळघर बंद होईल. तो आता कुठे राहतो हेसुद्धा मला ठाऊक नाही. एकदा दार बंद झालं की हे माझ्यापाशी असंच राहील, आणि चार काय, चाळीस जोड घेतले तरी मला कुठे सुखाने चालता येईल असं वाटत नाही.

१० मार्च, सोमवार

चौथा जोड आला. घोट्यापर्यंतचा, काळपट तपकिरी, जाड तळाचा. टोपलीत हे दोनच बूट, तरी दोरी ओढताना हात भरून आला.

घातले, नाड्या बांधल्या आणि डोळे मिटून चालायला लागलो. आधी गवत लागलं. मग लाकडी पूल, त्याच्याखाली पाणी. मग चढ. चढावर मी कोणाशी तरी बोलत होतो आणि तो माणूस बेसूर गुणगुणत होता. मी पावलं मोजायला विसरलो आणि नाक भिंतीवर आपटलं. सुजलंय. ही विचारते, काय झालं? म्हटलं, डोंगर लागला.

१५ मार्च, शनिवार

मी आज एक वाईट गोष्ट केली.

बूट कधीच मऊ झालेत. मऊ काय, पहिल्या दिवसापासून ते माझे पाय ओळखतात. आज परत पाठवायचे होते, आणि यानंतर टोपलीतून काही येणार नाही. हा शेवटचा जोड. मी चिठ्ठी लिहायला बसलो आणि पाय निघेचना. आणखी तीन-चार दिवस मिळावेत एवढंच मनात होतं. हाताने आपोआप लिहिलं, ‘डावी टाच चावते.’

लिहून झाल्यावर वाचलं. जगात लिहायला दुसरी जागा नव्हती का? पंजा होता, घोटा होता, जीभ होती. पण टोपली खाली गेली होती. खालून हातोडीचा आवाज येत होता, तो थांबला तो दिवसभर थांबलाच.

१७ मार्च, सोमवार

टोपली आली. बुटांची टाच उसकटलेली नाही, ठोकलेली नाही, कशाला हात लावलेला नाही. माझीच चिठ्ठी परत आली आहे. मागे उस्तादच्या अक्षरात एकच शब्द.

‘खरंच?’

अकरा वर्षांत त्याने मला लिहिलेला हा पहिला शब्द. मी तो शर्टाच्या खिशात ठेवलाय. दिवसभर चाललो नाही. खिडकीपाशी बसून राहिलो.

१९ मार्च, बुधवार

उत्तर लिहायला घेतलं. चिठ्ठीत मावेना. मोठा कागद घेतला, त्यातही मावेना. हिने कोपऱ्यात पडलेले बोळे पाहिले आणि न विचारता म्हणाली, “पस्तीस वर्षं मी पोस्टात आहे. पण काही गोष्टी पोस्टाने जात नाहीत. नेऊन द्याव्या लागतात.”

हिला कोणी सांगितलं?

२१ मार्च, शुक्रवार

सतरा पायऱ्या उतरलो. मोज्यांवर, बूट हातात घेऊन.

तळघर तसंच आहे. तोच डिंकाचा वास, तीच खिडकी, जिच्यातून फक्त लोकांचे पाय दिसतात. उस्तादचे केस पांढरे झालेत आणि चष्म्याची काच बाटलीच्या बुडासारखी. त्याने मान वर केली नाही.

“टाच चावत नाही,” मी म्हणालो.

“माहितीय.”

“मला हे बूट अजून थोडे दिवस पायात हवे होते.”

“तेही माहितीय.”

मग मी एका दमात बोललो. “नटाचे बूटसुद्धा चावत नव्हते. माझ्याच टाचेला फोड होता. चपलेचा.”

त्याने हातोडी खाली ठेवली. “डाव्या टाचेला. बाहेरच्या बाजूने.”

“तुला कसं कळलं?”

“त्या आठवड्यात तू तीन जोड आलटून-पालटून घालत होतास. तिन्हींत डावी टाच. गिऱ्हाइकं तीन आणि टाच एकच! पुढच्या आठवड्यात सगळे आपोआप बरे. मी काय इतका ढ आहे?”

“मग बोलला का नाहीस?”

“चूक तुझी आणि बोलायचं मी?”

“अरे, अकरा वर्षं!”

“एवढा वेळ लावशील असं मलाही वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. “पायऱ्या सतराच आहेत रे.”

मी रडलो. इथे लिहायला लाज कसली, वही माझीच आहे. माफ कर म्हणालो, तेही तीन-चार वेळा. त्याने मला तिपाई सरकवली आणि पूर्वीसारखंच गुणगुणायला लागला. अकरा वर्षांत सुरात काडीचीही सुधारणा नाही.

तारेत ओवलेल्या माझ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे भिंतीवर टांगलेले होते, एकतीस वर्षांचे. कशाला ठेवल्यास विचारलं तर म्हणाला, कागद वाया जाऊ नये म्हणून. फळीवर गिऱ्हाइकांचे लाकडी पाय ओळीने होते, ज्यांच्यावर तो बूट चढवतो. त्यांत एक जोडी नवी होती. उजव्या करंगळीपाशी चामड्याचा तुकडा चिकटवून उंचवटा केलेला.

“हे साहेबांचे?”

“हं.”

“त्यांचीही करंगळी वाकडी?”

“फार. माणूसच वाकडा आहे.”

बिचारे साहेब. म्हणजे त्यांनाही प्रत्येक नवा बूट तिथेच धरत असणार. त्यांच्यावर मी किती चिडलो होतो! भेटले तर माफी मागेन. या आठवड्यात माफी मागायची सवय झालीच आहे.

२९ मार्च, शनिवार

आज दुकानात काय झालं ते लगेच लिहून ठेवतो.

शेवटचा दिवस. संध्याकाळी बाईंनी मला खाली दुकानात बोलावलं. बघतो तर उस्ताद पुढच्या दाराशी उभा, आणि आमची ही! हिने पोस्टातून अर्धी रजा काढली होती. गल्ल्यावर चार खोकी. बाई म्हणाल्या, “साहेबांचा माल न्यायला आलेत. नीट तपासून द्या.”

मी दाराकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं. पहिलं खोकं उघडलं, काळा जोड उलटा केला. तळावर खडूने लिहिलं होतं, ‘चालणारे’. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच, चौथ्यावर तेच.

“परत चालायला दिलेत का मला?” मी विचारलं. “हे तर झालेत.”

ही पदराने तोंड झाकून हसत होती की रडत होती, कोण जाणे. उस्ताद वैतागला. “अरे, तळावर नाव गिऱ्हाइकाचं लिहितात! एकतीस वर्षं काय वाचत होतास?”

मला खाली बसावं लागलं. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर, जिच्यावर मी कधीच बसलो नव्हतो.

हळूहळू सगळं बाहेर आलं. काळा जोड बाईंनी निरोपासाठी सांगितला होता. उस्ताद म्हणाला, एकाने काय होतं. मग हिने ते पाकीट नेऊन दिलं, ज्याच्या पाठीवर तिने सगळं लिहून घेतलं होतं. दर आठवड्याला पोस्टातून येताना ही मागच्या दाराने तळघरात जात होती. आणि मला वाटत होतं की प्रकृती बरी नाही.

“पण माप?” मी उस्तादला विचारलं. “माझ्या पायाचं माप तू घेतलंस कधी?”

तो माझ्यासमोर खाली बसला. गुडघे वाजले त्याचे.

“मी कशाला घेऊ? तूच तर लिहून देत होतास. उजव्या करंगळीला धरतो, डाव्या घोट्याला घासतो, पंजा सकाळी सैल, संध्याकाळी तंग. ते गठ्ठे परत वाचायला बसलो तर त्यात गिऱ्हाईक एकही नव्हतं. सगळीकडे तूच.”

मग त्याने माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि नाडी बांधली. एकतीस वर्षांत माझ्या पायाला कोणी हात लावला नव्हता.

३० मार्च, रविवार

सकाळी घोट्यापर्यंतचे बूट घालून दारात उभा राहिलो आणि पाय बाहेर पडेना. तळाला रस्ता लागेल ना! एकतीस वर्षांचा नियम कसा मोडणार. ही मागून म्हणाली, “साहेब, निघताय की टोपली मागवू?” आणि पाठीत हात लावून ढकललं.

पहिलं पाऊल पडलं. तळाला माती लागली. काही झालं नाही. कोणी ओरडलं नाही. मी चालत सुटलो, ही शेजारी, आणि गल्लीच्या टोकाच्या थोडं आधी, मला काही कळायच्या आत, मी गर्रकन वळून उलटा चालायला लागलो. बेचाळीस पावलं झाली होती. हिने कोपराला धरून मला पुन्हा सरळ केलं.

“पुढे,” ती म्हणाली. “पुढे आणखी आहे.”

त्रेचाळिसावं पाऊल टाकताना मला थोडी भीती वाटली, हे खरं. मग चव्वेचाळीस, मग मोजणं सुटलं. उस्तादचं घर आमच्या मागेच आहे, दोन गल्ल्या सोडून, हे आज कळलं. तो कठड्याला टेकून उभा होता. माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंही नाही, सगळं लक्ष पायांकडे. आम्ही तिघं नदीपर्यंत गेलो. तिथे खरोखरच लाकडी पूल आहे. या गावात चाळीस वर्षं राहून मी तो आज पाहिला.

आता घरी येऊन बूट काढलेत. तळाची माती पुसली नाही.

उजव्या करंगळीला अगदी किंचित लागतंय. लाकडी फरशीवर कळलं नव्हतं, चढावर कळलं. चिठ्ठी लिहायला कागद घेतला होता, पण ठेवून दिला. उद्या त्याच्या घरी जाऊन तोंडानेच सांगतो.